फुकट घेतलेले तास

वैशाली, गाझियाबाद
४ ऑगस्ट १९९८

चि. उत्तरा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी आहे. तिथे उभं राहून मनातलं बोलायचं म्हणजे स्टेशनवर उभं राहून बोलल्यासारखं वाटतं. पत्रच बरं.

मी ठीक आहे. तुझी आई गेल्यावर पुण्याचं घर बंद करून इथे आलो, त्याला वर्ष होऊन गेलं. मुलगा-सून म्हणून राघव आणि सुखदा दोघंही माझं सगळं बघतात, तक्रारीला जागा ठेवत नाहीत. सकाळी ती दोघं नोएडाला ऑफिसला जातात आणि अथर्व शाळेच्या बसने. मग सहाव्या मजल्यावर मी आणि वीज गेली की सुरू होणारा जनरेटर. समोर दोन नव्या इमारती उभ्या आहेत, खिडक्या अजून बसायच्या आहेत. नऊ वाजेपर्यंत माझी दोन्ही वर्तमानपत्रं वाचून होतात. त्यानंतरचा दिवस फार मोठा असतो.

तुमच्या संपाचं वाचतोय. नव्या वेतन आयोगानंतर सरकारने आपल्या कारकुनापासून सचिवापर्यंत सगळ्यांचं बघितलं, प्राध्यापकांच्या पगाराचं मात्र घोंगडं भिजत ठेवलंय. देशभरातले प्राध्यापक एकत्र येत असतील तर तुम्हीही मागे राहू नका. सत्त्याऐंशीच्या संपात मी रस्त्यावर बसलो होतो, तुला आठवत असेल. एकदा सुरू केलात की माघार घेऊ नका.

चौथ्या मजल्यावर बन्सल म्हणून गृहस्थ आहेत. इथल्या एका कॉलेजच्या मॅनेजमेंट कमिटीचे सेक्रेटरी. काल लिफ्टमध्ये म्हणाले, “प्रोफेसर साहब, सारा दिन क्या करते हैं आप?” “अख़बार,” एवढंच म्हटलं, तोवर चौथा मजला आला.

तुझा,
बाबा


सांगली
१४ ऑगस्ट १९९८

ती. बाबांना नमस्कार,

मंगळवारपासून संप सुरू झाला. रोज सकाळी गेटवर बसतो, घोषणा देतो, दुपारी सभा. आमच्या शाखेचे सेक्रेटरी अशोकसर रोज नवीन बातमी आणतात. आजची बातमी अशी की वरून परिपत्रक आलंय: काम नाही तर पगार नाही. प्राचार्यांनी ते नोटीस बोर्डावर लावलं आणि आमच्याकडे न बघता आत गेले. मंत्री म्हणतात, तिजोरीत पैसा नाही आणि शिक्षकांनी त्यागाची परंपरा विसरू नये. अशोकसर म्हणाले, परंपरेत आम्हीच का, तुम्हीही या की.

सगळं ठीक चाललंय म्हणून लिहिणार होते, पण तुम्हाला खोटं लिहिणार नाही. माझ्या टी.वाय.च्या वर्गात मयुरा नावाची मुलगी आहे. गणितात अशी मुलगी मला दहा वर्षांत मिळाली नव्हती. तिचे वडील ज्ञानोबा साखर कारखान्यात फिटर आहेत. बारावीनंतर तिला पुढे शिकवायला मीच त्यांना गळ घातली होती. परवा ते गेटवर आले. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “मॅडम, कॉलेज बंद म्हणजे पोरगी घरात. आणि घरात पोरगी दिसली की लोकांना स्थळं सुचायला लागतात.” एक स्थळ आलंयसुद्धा, बरं आहे म्हणे.

मी म्हटलं, थोडे दिवस थांबा. किती, ते मलाच ठाऊक नाही. तेव्हापासून घोषणा देताना आवाज निघतो, पण मन लागत नाही. बाबा, आमची मागणी रास्त आहे याबद्दल मला शंका नाही. पण कुणीतरी वर्ग चालू ठेवायला हवे होते का? तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
उत्तरा


वैशाली
२१ ऑगस्ट १९९८

चि. उत्तरा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मुलांचं नुकसान होतंय ही तुझी टोचणी खरी आहे. ज्याला ती टोचत नाही तो शिक्षकच नव्हे. संप संपाच्या जागी आणि मूल मुलाच्या जागी. त्या मयुराला तू घरी बोलावून का शिकवत नाहीस? कुणाला कळायचं कारण नाही.

माझी तब्येत एकदम सुधारली आहे. सकाळी साडेसातला बाहेर पडतो, अकरा-साडेअकराला येतो. राघवला वाटतं मी वाचनालयात जातो. चालणं होतं, बसने जा-ये होते, दुपारी भूक लागते. सुखदा म्हणाली, “बाबा, तुमच्या चेहऱ्यावर रौनक आलीय.” ही इथे मराठी बोलते ती अशी.

एक गंमत. कॅल्क्युलसमध्ये आपण ज्याला संकलन म्हणतो त्याला इकडे समाकलन म्हणतात आणि विकलनाला अवकलन. मी ‘संकलन’ म्हटलं की मुलं हसतात. गणपतीची तयारी चालू आहे. मूर्ती दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातून आणली.

जास्त काही नाही.

तुझा,
बाबा


सांगली
२८ ऑगस्ट १९९८

ती. बाबांना नमस्कार,

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. शेजारची मुलं गणितं विचारायला येतात वाटतं. येऊ देत की. तुमचाही जीव रमेल.

मला मात्र ते करता येत नाही. संप आहे तोवर कुणी कुठेही, घरीसुद्धा शिकवायचं नाही असं सभेत ठरलंय, आणि मी त्याला हात वर केलाय. मयुरा हरतालिकेच्या दिवशी घरी आली होती. एका गणितात अडली होती. बाबा, मी तिला दारातूनच परत पाठवलं. आत ये म्हटलं असतं तर मी शिकवल्याशिवाय राहिले नसते. ती “बरं मॅडम” म्हणाली आणि गेली.

तुम्ही देवधरकाकांशी बोलणं सोडलंत ते मी बघितलंय. एवढे जिवलग मित्र, पण सत्त्याऐंशीच्या संपात ते वर्गावर गेले आणि तुम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेला नाहीत. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता कळतं की सगळ्यांनी धरलं तरच दोर ताणला जातो.

दोन आणि तीन सप्टेंबरला दिल्लीत देशभरातल्या शिक्षकांचं धरणं आहे. आमच्याकडून अशोकसर, मी आणि आणखी काही जण येतोय. बाकीचे धर्मशाळेत उतरतील, मी तुमच्याकडे दोन रात्री राहीन. राघवला सांगा, घ्यायला यायची गरज नाही, पत्ता माझ्याकडे आहे.

भेटीत बोलूच.

उत्तरा


वैशाली
९ सप्टेंबर १९९८

चि. उत्तरा,

तू पोचल्याचा फोन आला, पण तुझा आवाज नीट लागला नाही. इथेही तू फार गप्प होतीस. पहिल्या रात्री जेवली नाहीस, म्हणालीस उन्हाने डोकं दुखतंय. सुखदाने तुझ्यासाठी मोदक ठेवले होते तेही तसेच राहिले. निघताना पाया पडलीस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, धरण्याचा शीण असेल.

आता संप मिटला. सरकारने थोडं दिलं, थोडं पुढे ढकललं, पगार कापणार नाही पण बुडालेले तास भरून काढा म्हटलं. वर्तमानपत्रात वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याचं कारण तू होतीस तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं. तुझ्या दोन्ही रात्री मी तुझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेलो.

उत्तरा, मी संपात वर्ग घेतले. बन्सलांच्या कॉलेजात. तुझं चौदा तारखेचं पत्र आलं त्याच संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, “सर, बच्चों का साल ख़राब हो रहा है. आप जैसे दो-चार रिटायर्ड लोग आ जाएँ तो क्लास चल जाए.” मी तुझं वाक्य आठवलं, कुणीतरी वर्ग चालू ठेवायला हवे होते का, आणि हो म्हणालो. तू मला परवानगीच दिलीस असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते खोटं होतं. तुझं पत्र आलं नसतं तरी मी गेलो असतो.

कारण काय ते सांगतो. वर्गात शिरलो, मुलं उभी राहिली, मी खडू हातात घेतला आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. माझं हिंदी ऐकून ती हसली, मीही हसलो. तास संपला तरी कुणी उठेना. तुझी आई गेल्यापासून मला कुणी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. गेटबाहेर तिथले प्राध्यापक सतरंजी घालून बसलेले असत. मी मागच्या दाराने जात असे. मागच्या दाराने जातोय म्हणजे काय करतोय, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

मी एक पैसा घेतला नाही. बन्सल देत होते, मी नको म्हटलं. त्यामुळे आपण संपफोडे नव्हे अशी स्वतःची समजूत घातली होती. तू होतीस ते दोन दिवस बरं नाही असं कळवून घरी बसलो. शनिवारी शिक्षक दिनाला मुलांनी मला पेन दिलं. त्यानंतर गेलो नाही.

श्याम देवधरशी मी तो मरेपर्यंत बोललो नाही. त्याच्या घरी तेव्हा आजारपण होतं, कर्ज होतं. माझ्याकडे तर काहीच कारण नव्हतं.

तू काय ते लिही.

बाबा


सांगली
२० सप्टेंबर १९९८

बाबा,

मला माहीत होतं. इथून निघताना नव्हतं. धरण्यावर बसले आणि दुपारपर्यंत कळलं.

मंडपात माझ्या शेजारी गाझियाबादच्या एक बाई होत्या. मीनाक्षी त्यागी. बारीक अंगाच्या, चष्मा, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. गणिताच्याच निघाल्या, त्यामुळे लगेच जमलं. कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत, दर वर्षी नव्याने ऑर्डर मिळते. मी म्हटलं, मग तुम्ही संपात कशा? त्या म्हणाल्या, “सब बैठे थे, मैं अंदर कैसे जाती?”

जेवायच्या वेळी त्यांनी डबा उघडला, अर्धे पराठे माझ्या हातावर ठेवले आणि पिशवीतून एक हिंदी वर्तमानपत्र काढलं. आत फोटो होता. तुमचा. फळ्यापाशी उभे, हातात खडू. कोपरावर रफू केलेला पांढरा शर्ट. ते रफू मी केलंय. वर मथळा होता, ‘हड़ताल में भी जलती रही ज्ञान की ज्योति’, आणि खाली लिहिलं होतं, वयोवृद्ध प्रोफेसर पेंडसी निःशुल्क शिकवतात. आपलं आडनावही चुकवून पेंडसी छापलं होतं.

मीनाक्षीबाई म्हणाल्या, “यह मेरी ही क्लास है. बी.एससी. सेकंड इयर. आपकी तरफ़ के लगते हैं, जानती हैं इन्हें?”

मी म्हटलं, “नहीं. महाराष्ट्र बहुत बड़ा है.”

अशोकसर पलीकडे बसले होते. माझं माहेरचं आडनाव त्यांना माहीत नाही. त्यांनी फोटो बघून एक शिवी दिली. मी ती ऐकून घेतली. मीनाक्षीबाई म्हणाल्या, “खाइए न, आपने तो कुछ खाया ही नहीं.” मी खाल्लं. तुमच्या घरी रात्री जेवले नाही ते उन्हाने नव्हे.

दोन रात्री मी वाट बघत होते की तुम्ही सांगाल. तुम्ही दाराशी येत होता ते मला ऐकू येत होतं. मीही दार उघडलं नाही.

तुम्ही लिहिता, एक पैसा घेतला नाही. बाबा, तुम्ही पैसे घेतले असतेत तर मला कमी लागलं असतं. आम्ही पगारासाठी बसलो होतो, आणि तुम्ही फुकट शिकवून दाखवून दिलंत की चांगल्या शिक्षकाला पगार मागावाच लागत नाही. मंत्री जे भाषणात म्हणत होते ते तुम्ही फळ्यापाशी उभं राहून सिद्ध केलंत. तुमच्या जागी एखादा कच्चा शिक्षक असता तर एवढं नुकसान झालं नसतं.

मयुराचा साखरपुडा झाला. मार्गशीर्षात लग्न आहे. ज्ञानोबा पेढे घेऊन आले होते. रागावले नव्हते, तेच मला सहन झालं नाही. तेव्हा मी तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू? तुम्ही शिकवायला नको होतं तिथे शिकवलंत आणि मी दारात आलेल्या मुलीला शिकवलं नाही. दोघांपैकी कोण जास्त चुकलं ते मला ठरवता येत नाही, आणि सध्या ठरवायचंही नाही.

काही दिवस पत्र नाही आलं तर काळजी करू नका.

उत्तरा


वैशाली
५ ऑक्टोबर १९९८

चि. उत्तरा,

तुझं पत्र आल्यावर मी बन्सलांकडे जाऊन मीनाक्षी त्यागींची चौकशी केली. त्यांची ऑर्डर निघालेली नाही. कायमचे सगळे परत घेतले, कारण त्यांना हात लावता येत नाही. तात्पुरत्या असून संपावर बसलेल्या त्या एकट्याच. बन्सल म्हणाले, “सर, आपने ही तो दिखाया कि उनके बिना भी काम चलता है.” त्यांना हे बोलताना काही वाटत नव्हतं. पुढे म्हणाले की मी आठवड्यातून तीन दिवस यावं, मानद म्हणून. मी नाही म्हटलं. त्या बाईंना घ्या म्हटलं. ते म्हणाले, कमिटीचा निर्णय आहे, आणि चहा मागवला.

दोन तारखेला सोसायटीत गांधी जयंतीचा कार्यक्रम होता. माझा सत्कार ठेवला होता. राघवने मला न विचारता हो म्हटलं होतं, तो फार खूश होता. शाल, नारळ, सगळं झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपुढे जाऊन म्हटलं, “मैंने जो किया वह सेवा नहीं थी. बाहर मेरे ही भाई-बहन अपने हक़ के लिए बैठे थे और मैं पीछे के दरवाज़े से अंदर गया. मेरी वजह से एक अध्यापिका की नौकरी चली गई. यह शॉल मैं नहीं ले सकता.” आणि शाल टेबलावर ठेवली.

मग बन्सल उठून म्हणाले, “देखिए, कितनी विनम्रता है,” आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. काही जण उभे राहिले. मी हात हलवून नाही नाही म्हणत राहिलो, तशा टाळ्या वाढल्या. शाल परत माझ्या खांद्यावर घातली. एकट्या सुखदाने टाळी वाजवली नाही. घरी आल्यावर विचारलं, “बाबा, ते खरं होतं ना?” मी हो म्हटलं. राघव मात्र दोन दिवस माझ्याशी तुटक वागतोय. त्याची सोसायटीत शोभा झाली असं त्याला वाटतं.

काल मीनाक्षीबाईंच्या घरी गेलो. जुन्या गाझियाबादेत, गल्लीच्या आत, वरचा मजला. त्यांच्या सासूबाईंनी दार उघडलं. मीनाक्षीबाईंनी मला फोटोवरून ओळखलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. कसा गेलो, का गेलो. शेवटी मी म्हटलं, धरण्यावर तुमच्या शेजारी सांगलीची जी बाई बसली होती ती माझी मुलगी. तुला न विचारता सांगितलं. मला ते लपवून तिथून उठता येईना.

त्या म्हणाल्या, “उन्होंने कहा था, महाराष्ट्र बहुत बड़ा है.” मग म्हणाल्या, “मेरे पिताजी होते तो शायद मैं भी यही कहती.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफ़ तो मैं कर दूँ, सर. लेकिन बच्चे रास्ते में मिलते हैं तो कहते हैं, मराठी वाले सर बहुत अच्छा पढ़ाते थे. इसका मैं क्या करूँ?”

मी उठलो. मी जिना उतरत असताना वर सासूबाईंनी त्यांना विचारलं, कोण होते? त्या म्हणाल्या, “मेरी जगह जो पढ़ा रहे थे.” आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती.

कॉलेजच्या शिक्षक संघटनेला मी लिहून दिलंय की मला कसं बोलावलं आणि बन्सल नंतर काय म्हणाले. ते त्यांची केस लढवणार आहेत. माझी साक्ष लागली तर देईन. उपयोग होईल असं नाही. राघवलाही ते सांगितलंय. तो म्हणाला, आपल्याला इथेच राहायचंय, बाबा. तेही खरंच आहे.

बाबा


सांगली
१२ ऑक्टोबर १९९८

ती. बाबांना,

तुम्ही मीनाक्षीबाईंना माझं नाव सांगितलंत म्हणून आधी राग आला. मग हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचा राग आला. त्यांचा पत्ता कळवा, पत्र मला स्वतःला लिहायचंय.

बुडालेले तास भरून काढायला आम्ही रविवारीही कॉलेजात असतो. दुपारी सुटले की मी मयुराच्या घरी जाते. ज्ञानोबांना सांगितलं की लग्न ठरलं तरी परीक्षेला बसू द्या, मी घरी येऊन शिकवीन. सासरच्यांनी होकार दिलाय, लग्नानंतरचं लग्नानंतर बघू म्हणालेत. त्यावर मला विश्वास नाही, मयुरालाही नसावा. ती पूर्वीसारखी बोलत नाही. विचारलेलं सोडवते, बरोबर सोडवते, आणि वही मिटते. काल निघताना चप्पल घालत होते तेव्हा म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी मी परत यायला हवं होतं. पुन्हा दार वाजवायला हवं होतं.” मी म्हटलं, “नाही गं. ते माझं काम होतं.” ती हसली नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली.

शनिवारी शाखेची सभा झाली. संपाचा आढावा घेताना अशोकसरांनी दिल्लीचा तो फोटो आठवून पुन्हा टिंगल सुरू केली. तो म्हातारा, फुकट्या, वगैरे. लोक हसत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, “ते माझे वडील आहेत. त्यांनी केलं ते चूक होतं आणि मी त्यांना ओळखत नाही म्हटलं तेही चूक होतं.” अशोकसरांनी कागद उलटा केला आणि पुढचा विषय घेतला. सभा संपल्यावर मात्र सायकल हातात धरून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. वाटेत एवढंच विचारलं, “कसे शिकवतात?” मी म्हटलं, “माझ्याहून चांगलं.”

तुळशीच्या लग्नापर्यंत इकडे या. राघवला चार दिवस मोकळं वाटू द्या, त्याचंही काही चुकलेलं नाही. मिरजेला उतरा, मी स्टेशनवर येईन. अशोकसर म्हणालेत, तेही येतील. काय बोलतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही या.

तुमची,
उत्तरा